लेपाची गोष्ट : कल्हईपासून नॅनोकणांपर्यंत



राजे, लढाया आणि तह यांचा इतिहास आपण शाळेत शिकतो. घरातल्या तव्यालाही इतिहास असतो, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. आज मी आपल्याला लेपाचा इतिहास सांगणार आहे. लेप म्हणजे एखाद्या वस्तूच्या अंगावर दिलेला दुसऱ्या पदार्थाचा पातळ थर. जमीन शेणाने सारवतो तो लेपच, भिंतीला चुना देतो तो लेपच, आणि अलीकडे ज्याला 'नॉनस्टिक' म्हणतात त्या तव्यावरचा काळा थर हाही लेपच. या नव्या लेपात फ्लोरोपॉलिमर नावाचे एक प्लास्टिक असते आणि त्यात पुष्कळदा दगडमातीच्या जातीचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले असतात. नाव अवघड आहे खरे, पण गोष्ट अवघड नाही.

ही गोष्ट ऐकताना दोन प्रश्न मनाशी धरून ठेवा. पहिला, हा लेप खालच्या वस्तूला धरून बसतो कसा? दुसरा, तो झिजतो तेव्हा जातो कुठे? कोणताही लेप घ्या, जुना असो वा नवा, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की त्याची बरीचशी परीक्षा झाली असे समजावे.

प्रथम आपल्या ओळखीच्या लेपापासून सुरुवात करू. नागपूरहून पूर्वेला गेले की भंडारा लागते. पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. पितळ आणि तांबे उष्णता छान वाहून नेतात, ठोकून हवा तो आकार घेतात, पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. पण त्यांच्यात एक खोड आहे. आंबट त्यांना सोसत नाही. पितळेच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले की ते कळकते. तांब्याचा अंश त्यात उतरतो, चव बिघडते आणि प्रकृतीलाही ते बरे नव्हे. कथील या धातूला आंबट सोसते, परंतु ते इतके मऊ आणि महाग की त्याचे पातेले कोण करणार? तेव्हा आपल्या कारागिरांनी तोड काढली ती अशी की, अंग पितळेचे ठेवावे आणि आतली कातडी कथलाची द्यावी. हीच कल्हई.

कल्हईवाला काय करीत असे ते आठवून पाहा. भाता, कोळसे, एक खड्डा आणि कापसाचा बोळा, एवढाच त्याचा संसार. भांडे तो आधी घासूनपुसून लख्ख करी. मग ते विस्तवावर धरी आणि त्यात नवसागराची चिमूट टाकी. पांढरा धूर उठे, नाकाला झोंबे, आणि त्याच क्षणी तो कथलाची कांडी टेकवून बोळ्याने ती भराभर पसरवी. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे कोळशाच्या साध्या शेगडीवरही त्याचे पाणी होते. आता नवसागर कशाला? तापलेल्या धातूवर हवेतल्या प्राणवायूचा गंज चढतो आणि त्या गंजावर कथील धरत नाही. नवसागर तापला की त्यातून जे आम्ल सुटते ते हा गंज खाऊन टाकते आणि खालचा उघडा, स्वच्छ धातू कथलाला मिळतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले : लेप टिकतो तो खालच्या अंगाच्या तयारीवर. दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर डोळ्यांसमोर होते. कल्हई महिनोन्‌महिने घासून झिजे, तांबूस-पिवळे अंग दिसू लागे, आणि घरातली बाई म्हणे, 'आता कल्हई करायला झाली.' लेप संपला हे भांडेच सांगे.

दुसरा जुना लेप तर आणखी घरगुती. नवा बिडाचा तवा आणला की त्यावर पहिली धिरडी कधीच नीट निघत नाहीत. तेल लावायचे, तापवायचे, पुसायचे, पुन्हा तेल लावायचे, असे आठ-पंधरा दिवस केले म्हणजे तवा काळा, गुळगुळीत होतो आणि धिरडे आपोआप सुटते. येथे होते काय, तर तेलाचे लहान लहान रेणू उष्णतेने एकमेकांचे हात धरून मोठी साखळी, मोठे जाळे बनवतात. अशा साखळीच्या पदार्थालाच रसायनशास्त्रात पॉलिमर म्हणतात. आपल्या विदर्भात पिकणारे जवस याच गुणासाठी जगभर रंगकामात वापरले गेले. जवसाचे तेल हवेत हळूहळू वाळते आणि लाकडावर त्याची कडक साय धरते. म्हणजे पॉलिमरचा लेप हा आपल्या चुलीपाशी केव्हापासून बसलेला आहे, फक्त त्याचे नाव आपल्याला ठाऊक नव्हते.

आता नव्या लेपाकडे वळू. त्याचा प्राण म्हणजे फ्लोरिन हे मूलद्रव्य. ते निसर्गात मोकळे सापडत नाही, खनिजात बांधलेले असते. त्यांतले मुख्य खनिज फ्लोराइट. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगाव येथे त्याचा साठा आहे. १७७१ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने या खनिजावर गंधकाम्ल ओतून एक असे आम्ल मिळवले, की जे काचसुद्धा खाते. त्यातून शुद्ध फ्लोरिन वेगळा करण्यासाठी पुढे शंभरावर वर्षे शास्त्रज्ञ झटले. कित्येक जण आजारी पडले, काहींनी प्राण गमावले. अखेर १८८६ साली आंरी म्वासाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाला यश आले आणि १९०६ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. हा वायू इतका तापट, की दिसेल त्या पदार्थाशी भिडतो. गंमत अशी की, एकदा कार्बनशी त्याची गाठ पडली म्हणजे तो अगदी शांत होतो. कार्बन आणि फ्लोरिन यांची गाठ ही कार्बनच्या एकेरी बंधांमध्ये सर्वांत बळकट समजली जाते. ती ना आम्लाने सुटते, ना उन्हाने.

ही गाठ असलेले प्लास्टिक कोणी ठरवून शोधले नाही. अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीत रॉय प्लंकेट नावाचा २७ वर्षांचा रसायनशास्त्रज्ञ शीतकपाटासाठी लागणाऱ्या वायूंवर काम करीत होता. ६ एप्रिल १९३८ रोजी त्याने व त्याचा मदतनीस जॅक रेबॉक याने एका नळकांड्याची तोटी उघडली, तो वायू येईना. नळकांडे रिकामे म्हणावे तर वजन भरल्याइतकेच. दुसरा कोणी असता तर त्याने ते बाजूला टाकले असते. यांनी ते करवतीने कापले. आत मेणासारखी गुळगुळीत पांढरी भुकटी निघाली. वायूच्या रेणूंनी आपापसांत हात धरून साखळी केली होती. पुढे यालाच टेफ्लॉन हे व्यापारी नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या कारखान्यात युरेनियमचा एक अतिदाहक वायू हाताळावा लागे. त्याच्यापुढे पुष्कळ पदार्थांचा टिकाव लागेना, तेव्हा नळ्यांच्या सांध्यांना हा पदार्थ कामी आला.

आता अडचण पाहा. ज्याला काहीच चिकटत नाही, ते तव्याला तरी कसे चिकटावे? कल्हईवाल्यापुढे जो प्रश्न होता तोच येथे दसपट कठीण होऊन उभा राहिला. तो सोडवला फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार या अभियंत्याने. ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग त्याने आम्लाने खरवडून घेतला, तेव्हा त्यावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य भगदाडे पडली. त्यात ही भुकटी बसवून भट्टीत तापवली. हे प्लास्टिक ३२७ अंशांच्या आसपास मऊ होऊन एकजीव होते. ते त्या भगदाडांत शिरले आणि थंड झाल्यावर आत अडकून बसले. झाडाची मुळे खडकाच्या फटीत अडकतात ना, तसे. मासेमारीच्या सामानासाठी त्याने हा उद्योग आरंभला होता. 'माझ्या कढईला लावून द्या की,' असे पत्नी कोलेट हिने सुचवले म्हणतात. १९५६ साली या भांड्यांची कंपनी उभी राहिली.

आपल्या महाराष्ट्रात हे तंत्र आले ते औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. १९६८ साली नानासाहेब भोगले यांनी तेथे 'निर्लेप'ची स्थापना केली. भारतात नॉनस्टिक भांडी आणण्याचा पहिला मान सामान्यतः याच कंपनीला देतात. मुंबई-पुण्यापासून दूर, मराठवाड्यात, त्या काळी असा कारखाना काढणे हे धाडसच होते. २०१८ मध्ये ही कंपनी बजाज इलेक्ट्रिकल्सने घेतली. पण मराठी घरांत अजूनही कोणत्याही कंपनीचा नॉनस्टिक तवा असला तरी त्याला 'निर्लेपचा तवा' म्हणणारी माणसे भेटतात. शब्द मोठा मार्मिक आहे. संसारात राहूनही ज्याच्या मनाला कशाचा डाग लागत नाही त्याला आपण निर्लेप म्हणतो. आणि येथे तर जो तवा निर्लेप, तोच मुळी लेप दिलेला!

या लेपाचे गुण पुष्कळ. ताव सोसतो, आम्ल सोसतो, तेल-पाणी अंगाला लागू देत नाही. पण एक मोठा अवगुण आहे, तो म्हणजे मऊपणा. नखाने ओरखडा जाईल इतके हे प्लास्टिक मऊ. लोखंडी उलथण्याने दोनदा खरवडले की पापुद्रे निघालेच. येथे दगडमातीच्या कणांचे काम सुरू होते. शास्त्रज्ञ त्यांना असेंद्रिय कण म्हणतात. सिलिका म्हणजे वाळूचेच द्रव्य, ॲल्युमिना म्हणजे माणकाच्या जातीचे, टायटॅनिया म्हणजे पांढऱ्या रंगाच्या डब्यात असते ते.

आपल्याकडे मातीची भिंत घालताना गाऱ्यात कुटार मिसळतात. नुसत्या मातीची भिंत वाळली की तडकते. कुटार असले म्हणजे तडा पुढे सरकत नाही, वाटेतच अडतो. प्लास्टिकमध्ये कण मिसळण्यामागे हाच हिशेब. झिजताना त्याचे मोठाले पापुद्रे सुटतात, ते या कणांमुळे सुटत नाहीत. हा काही नुसता तर्क नव्हे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात बरिस आणि सॉयर या संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले, की ॲल्युमिनाचे ८० नॅनोमीटरचे ओबडधोबड कण वजनाने अवघा एक टक्का मिसळले तरी झीज हजारपटीहूनही अधिक घटते.

नॅनोमीटर म्हणजे केवढा, असे आपण विचाराल. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. डोक्याचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे ८० नॅनोमीटरचे हजार कण ओळीने ठेवावेत तेव्हा एका केसाची जाडी भरेल. इतका बारीक कण कशाला, जाडी भुकटी का नको? शिक्षकांनी हे गणित फळ्यावर करून दाखवण्यासारखे आहे. एक सेंटिमीटर बाजूचा दगडी ठोकळा घ्या. त्याची सहा अंगे मिळून क्षेत्रफळ भरते ६ चौरस सेंटिमीटर. त्याच ठोकळ्याचे दहा-दहा नॅनोमीटरचे चौकोनी तुकडे केले, तर सर्व तुकड्यांचे क्षेत्रफळ होते ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे! बोराएवढ्या दगडात सहा गुंठे जमीन दडलेली आहे. प्लास्टिकला धरायला एवढी जागा मिळाली, की थोड्या कणांत मोठे काम होते.

मात्र असे बारीक कण एकमेकांना बिलगून गठळ्या करतात. कढीला बेसन लावताना गठळ्या होतात तशाच. गठळी राहिली की तेथे लेप कच्चा. म्हणून कणांनाच आधी एका रसायनाचा पातळ मुलामा देतात, की ते प्लास्टिकमध्ये सुटे सुटे मिसळावेत. लेपातल्या कणांनाही लेप! चांगला कारखाना आणि वाईट कारखाना यांतला फरक पुष्कळदा या एका पायरीवर असतो.

कणांचे दुसरे काम पाण्याशी आहे. अळवाच्या पानावरचे पाणी हा आपल्या बोलण्यातला जुना दाखला. कमळाच्या पानाचीही तीच ख्याती. पान इतके गुळगुळीत म्हणून पाणी घसरते, असे आपण समजतो. वास्तविक ते गुळगुळीत नसतेच. जर्मनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या आधारे याचा सविस्तर उलगडा केला. कमळाच्या पानावर बारीक उंचवटे असतात आणि त्या उंचवट्यांवर मेणाचे आणखी बारीक काटे. पाण्याचा थेंब या टोकांवर टेकतो, खालच्या फटींत हवा राहते. थेंबाखाली पान थोडे आणि हवा फार, म्हणून तो मोत्यासारखा गोल राहतो आणि जाताना धूळ उचलून नेतो. असा हवेवर उभा राहिलेला थेंब कसा वागेल, याचे गणित इंग्लंडमधल्या कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ मध्येच मांडून ठेवले होते. बदकाच्या पिसावर पाणी का थांबत नाही, हेही त्यातून उलगडले.

नुसते फ्लोरोपॉलिमर सपाट पसरले, तर थेंबाची कड पृष्ठभागाशी ११० अंशांच्या आसपास कोन करते. थेंब फुगीर दिसतो, पण गडगडत जात नाही. सपाट पृष्ठभाग कोणताही घ्या, १२० अंशांच्या फार पुढे जात नाही. त्याच लेपात सिलिकाचे नॅनोकण घालून पृष्ठभाग खरबरीत केला, की हा कोन १५० अंशांच्या वर जातो आणि थेंब गोळीसारखा पळतो. पाण्याचा तिटकारा आणतो फ्लोरिन आणि खडबडीतपणा आणतो कण. दोघांपैकी एकाने हे साधत नाही. दोष सांगायचा तर असा, की हे बारीक काटे घासले गेले की मोडतात आणि लेपाचा चमत्कार काही महिन्यांतच ओसरतो. अजून संशोधन चालले आहे ते यासाठीच.

तिसरे काम उन्हाशी. आपल्या नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हाबद्दल मी काय सांगावे? पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि साधा रंग दोन-चार उन्हाळ्यांत पांढरा पडून हाताला खडूसारखा लागतो. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी दाखवले, की टायटॅनियावर उन्हातले अतिनील किरण पडले म्हणजे त्याच्या अंगी रासायनिक क्रिया घडवण्याची शक्ती येते. पुढे या गुणाचा उपयोग काजळी आणि मळ उन्हातच जाळून टाकणाऱ्या लेपांसाठी झाला. पण जो कण मळ खातो, तो साध्या रंगातले तेल आणि राळही खातो. कुंपणानेच शेत खावे तसा प्रकार! तेथे बळकट गाठीचे फ्लोरोपॉलिमर कामास येते, कारण ते या कणाला सहजी खाता येत नाही. म्हणून उंच इमारतींचे पत्रे, पूल, रसायनांच्या टाक्या, विजेच्या तारांचे चिनी मातीचे चिमणे आणि सौरपट्ट्यांच्या काचा यांसाठी अशा मिश्र लेपांचा वापर किंवा विचार होतो. आमच्या प्रतापनगरात आता घरोघर गच्चीवर सौरपट्ट्या दिसतात, खेड्यांत शेतातला पंपही सौरपट्टीवर चालतो. उन्हाळ्यातल्या धुळीने काच माखली की वीज कमी पडते आणि धुवायला पाणी कोठून आणायचे? धूळ धरून न ठेवणारा टिकाऊ लेप आपल्याला का हवा, हे यावरून कळेल.

येथे नागपूरकरांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगतो. कामठीचे मॅंगनीज खाणींचे मालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने सुमारे ३५ लाख रुपयांची आपली संपत्ती विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला दिली. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. तेल, रंग आणि लेप यांचे शास्त्र या संस्थेत शिकवले जाऊ लागले. आज तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा आहे. जमिनीखालच्या मॅंगनीजचा पैसा असा विद्येत मुरला.

आता दुसरा प्रश्न. हा नवा लेप झिजतो, तेव्हा जातो कुठे? कल्हई गेली तर दिसे. येथे सारेच डोळ्यांआड. तव्यावरून सुटलेला पापुद्रा पोटात गेला, तर तो बहुधा जसाच्या तसा बाहेर पडतो, कारण तो कशाशीच संयोग पावत नाही. खरी काळजी आहे ती हा पदार्थ जेथे तयार होतो तेथली. कारखान्यात हे प्लास्टिक बनवताना साबणासारखे एक सहायक रसायन वापरीत असत. त्याचे छोटे नाव पीएफओए. त्यातही तीच बळकट गाठ. जी गाठ तव्यावर वरदान ठरली, तीच नदीच्या पाण्यात शाप ठरली, कारण माती, पाणी, जंतू यांपैकी कोणालाच ती सुटत नाही. पदार्थ साचतच राहतो.

अमेरिकेत पश्चिम व्हर्जिनिया राज्यातल्या पार्कर्सबर्ग गावाजवळच्या ड्यूपॉन्टच्या कारखान्यात १९५१ पासून हे रसायन वापरात होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील विल्बर टेनंट नावाच्या एका शेतकऱ्याची गुरे एकामागून एक मरू लागली. जवळच्या ओढ्याच्या पाण्यावर फेस येई. त्याने स्वतः त्याचे चित्रण केले, दारोदार हिंडला आणि शेवटी रॉबर्ट बिलॉट या वकिलाने त्याची बाजू घेतली. त्या खटल्यांतून सुमारे ६९,००० माणसांच्या रक्ताची तपासणी झाली. पुढे शास्त्रज्ञांच्या समितीने या रसायनाचा सहा विकारांशी संभाव्य संबंध असल्याचा निष्कर्ष काढला. त्यांत मूत्रपिंडाचा कर्करोग आणि थायरॉइडचे विकार आहेत. मोठ्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत त्याचा वापर थांबवण्याचे मान्य केले, २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत ते आले आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत घातले. म्हणून आज बाजारात 'पीएफओए नाही' असा शिक्का भांड्यावर असतो. पण त्याच घराण्यातली दुसरी रसायने त्याच्या जागी आली आहेत, हे त्या शिक्क्यावर लिहिलेले नसते.

ही गोष्ट दूरदेशची म्हणून सोडून देऊ नका. इटलीत व्हिचेन्झा प्रांतात याच घराण्यातली रसायने करणारा एक कारखाना होता. त्याच्यामुळे सुमारे साडेतीन लाख लोकांच्या प्रदेशातले पाणी दूषित झाल्याचे उघड झाले. २०१८ मध्ये तो बुडाला आणि जून २०२५ मध्ये तेथल्या न्यायालयाने त्याच्या अकरा अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात एका भारतीय कंपनीकडे गेली आणि ती आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुराम येथे आणण्यात आली. यंत्रे आली म्हणजे प्रदूषण आलेच, असे कोणी म्हणू नये. परंतु आसपासच्या गावांनी पाण्याची नियमित तपासणी मागणे आणि तिचे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवण्याचा आग्रह धरणे, हा त्यांचा साधा हक्क आहे. टेनंट हा कोणी विद्वान नव्हता. त्याने आपली गुरे नीट पाहिली आणि ओढा नीट पाहिला, एवढेच.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्याने दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, हाडे आखडतात. तो फ्लोराइडचा त्रास. खडकातून पाण्यात उतरणारे ते क्षार आहेत, त्यांचा तव्याशी काही संबंध नाही. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असलेले पाणी पिऊ नये. दोन्हींत फ्लोरिनच असला, तरी दुखणी वेगळी, तपासण्या वेगळ्या आणि उपायही वेगळे.

आता घरात काय करावे? नॉनस्टिक भांडे रिकामे मोठ्या आचेवर ठेवू नका. २६० अंशांपर्यंत ते सहसा सोसते, त्यापुढे लेप हळूहळू बिघडतो आणि ३५० अंशांच्या पुढे त्यातून विषारी वाफा निघतात. पिंजऱ्यातला पोपट अशा वाफांनी माणसाच्या कितीतरी आधी दगावतो. पिठले, धिरडे, अंडे यांना हे भांडे उत्तम. भाकरीला आणि खमंग भाजण्याला लोखंडी किंवा बिडाचा तवाच बरा. लाकडी उलथणे वापरा, तारेची घासणी लावू नका, लेप उडाला की भांडे बदला. दुकानात 'ग्रॅनाइट', 'स्टोन' असे शब्द लिहिलेले दिसले, तर ते भांडे दगडातून कोरलेले आहे असे समजू नका. बहुधा ते फ्लोरोपॉलिमरच असते, त्यात खनिजाचे कण असतात. 'सिरॅमिक' म्हणून मिळणारा लेप मात्र निराळा. तो सिलिकाच्या जातीचा असतो, फ्लोरिन त्यात सहसा नसतो, पण त्याचा निसरडेपणा लवकर जातो. पाणी न धरणारा लेप फवाऱ्याने मारायचा झाला, तर मोकळ्या हवेत आणि नाकातोंडावर बारीक कण गाळणारा मास्क लावून मारावा. ते कण सुकलेल्या लेपात अडकून असतात, फवाऱ्याच्या धुक्यात ते सुटे असतात आणि छातीत जातात.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक प्रयोग अवश्य करावा. अळवाचे पान, केळीचे पान, काच आणि जुना नॉनस्टिक तवा, या चारांवर पाण्याचा एकेक थेंब टाका आणि बाजूने, डोळा खाली नेऊन, मुलांना पाहू द्या. कुठला थेंब पसरला, कुठला फुगला, कुठला पळाला, ते वहीत काढायला सांगा. मग अळवाच्या पानावर चिमूटभर धूळ टाकून थेंब सोडा. नंतर ते पान बोटाने चोळून पुन्हा थेंब सोडा. चोळलेल्या जागी थेंब थांबेल. कमळाचे काटे आणि नव्या लेपाची नाजूक बाजू, दोन्ही मुलांना त्या एका पानात समजतील. आणि ज्यांच्या गावात अजून कोणी वृद्ध कल्हईवाला असेल, त्यांनी त्याला एक दिवस शाळेत बोलवावे आणि नवसागर का टाकायचा हे त्याच्याच तोंडून मुलांना ऐकवावे.